आधी पाण्याचं तापमान, मग नदीचं नाव

बडोद्यात निवृत्तीची तारीख जवळ आली की मराठी घरांत तेच तीन पर्याय चर्चेला येतात. चारधाम, बारा दिवसांत सात देश दाखवणारी युरोपची सहल, नाहीतर न्यू जर्सीतल्या मुलाकडे सहा महिने. दांडिया बाजारातल्या एखाद्या काकांनी यात चौथा पर्याय काढला, की आपण डोंगरातल्या नदीत उभं राहून फ्लायनं, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेल्या नकली किड्यानं, ट्राउट मासा धरायला शिकणार, तर दोन आक्षेप हमखास येतात. मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, हा मुक्या जिवाचा छळ नाही का? आणि त्यासाठी परदेशात कशाला पैसे घालवायचे?

मी असते त्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ट्राउटच्या नद्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. इथून बघताना पहिला आक्षेप मला गंभीर वाटतो, त्याच्याकडे पुढे येते. दुसरा आक्षेप बरोबरच आहे. सुरुवात परदेशात करूच नये, हिमाचलात करावी.

नदी निवडताना बहुतेक जण फोटोतल्या माशाचा आकार बघतात आणि तिथेच फसतात. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी १० ते १६ अंश सेल्सिअस असेल तेव्हा तो भरपूर खातो. २० अंशांच्या आसपास त्याला धाप लागते, कारण पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम असतो, २० अंशांवर ९. नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा पाण्यात झुंजवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो खरा, पण तासाभरानं मरू शकतो. म्हणून नदी ठरवण्याआधी महिना ठरवावा लागतो. खिशात दोरी बांधलेला साधा थर्मामीटर हवा. सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमाराला पाणी मोजायचं, दुपारचा आकडा २० ला टेकत असेल तर त्या दिवशी रॉड आवरायचा.

‘मग जवळच्या पचमढीत ट्राउट का सोडत नाहीत?’ असं कोणी विचारलं तर त्याचंही उत्तर यातच आहे. आपल्याकडचा उन्हाळा त्याला झेपणार नाही. आणि झेपला असता तरी सोडू नये. हा मासा हिमालयातही उपरा आहे. काश्मीरमध्ये तो १९०० च्या सुमाराला ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून आला, कुलूच्या खोऱ्यात १९०९ मध्ये. न्यूझीलंडमध्येही तो १८६७ मध्ये टास्मानियाहून आणला गेला आणि इथल्या गॅलॅक्सिड जातीच्या छोट्या देशी माशांना त्यानं बऱ्याच ओढ्यांतून हुसकावलं. आहे तिथे तो जपावा, नव्या पाण्यात नेऊ नये.

हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असते, कारण ब्राउन ट्राउट तेव्हा अंडी घालतो. उरलेले आठ महिने कागदावर खुले असले तरी सगळे उपयोगाचे नाहीत. एप्रिलच्या उत्तरार्धापासून बर्फ वितळतं, नद्या चढतात आणि दुधाळ होतात. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाचा गढूळपणा. हातात राहतात मार्च ते मध्य एप्रिल आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. त्यातही निवृत्त माणसाला मी ऑक्टोबर सुचवीन. पाणी उतरलेलं असतं, दगड दिसतात, पाय कुठे ठेवायचा ते कळतं.

पहिली नदी तीर्थन. बडोद्याहून चंडीगडपर्यंत रेल्वे, पुढे मंडी, औट आणि बंजारमार्गे रस्ता. गुशैणीच्या आसपास राहायची साधी घरं आहेत, आणि मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय रॉड उघडायचा नाही. मासे बहुतेक पाव किलोच्या आतबाहेरचे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प नकोत म्हणून खोऱ्यातले लोक लढले आणि त्यांच्या युक्तिवादात ट्राउटही होता, म्हणून ही नदी अजून मोकळी वाहते. दुसरी जागा मंडी जिल्ह्यातलं बरोट, उहल नदीवर. तिसरी रोहडूजवळची पब्बर. जुलै २०२३ च्या पुरानं कुलू भागातल्या अनेक नद्यांचे डोह गाळा-दगडांनी भरले, त्यामुळे जुन्या वर्णनावर विसंबू नये. जाण्याआधी स्थानिक माणसाला फोन करून एकच प्रश्न विचारावा: डोह शिल्लक आहेत का?

धरणाखालच्या नदीचा धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रातले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. वर धरण किंवा बंधारा असेल तर पात्राच्या मधल्या खडकावर बसून डबा खायचा नाही. काठाजवळच्या एका दगडावर पाण्याची रेषा हेरून ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी बघायची. ती बोटभर चढली किंवा पाण्यात पालापाचोळा वाहायला लागला की रॉडची काळजी न करता बाहेर यायचं.

पाण्यात उतरण्याचे नियम जगभर तेच आहेत. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. काठी वरच्या अंगाला टेकवायची, एका वेळी एकच पाय उचलायचा, आणि ओलांडताना प्रवाहाबरोबर तिरकं खाली जायचं. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारीचा, कमरेचा पट्टा घट्ट हवा. पडलात तर आत भरणारं पाणी तोच अडवतो. बुटांना रबरी तळ आणि धातूचे खिळे हवेत. जुन्या पुस्तकांत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तळ सांगतात, पण न्यूझीलंडमध्ये २००८ पासून त्यांना बंदी आहे. नमदा ओला राहतो आणि डिडिमो नावाचं शेवाळ त्यातून एका नदीतून दुसरीत जातं. २००४ मध्ये ते दक्षिण बेटावरच्या वायाऊ नदीत सापडलं आणि पुढे पसरत गेलं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नदी ओलांडायचीच नाही, काठावरूनच फेकायचं.

सामान थोडंच लागतं. हिमाचलच्या ओढ्यांना साडेसात ते आठ फुटी, ३ किंवा ४ वजनाचा रॉड पुरतो (हा आकडा रॉडच्या नव्हे, लाईनच्या वजनाचा). मोठ्या नद्यांना नऊ फुटी, ५ वजनाचा, चार तुकड्यांत मोडणारा. लाईनच्या पुढे नऊ फुटी निमुळता दोरा, म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक दोरा, म्हणजे ४एक्स किंवा ५एक्स जाडीचं टिपेट. फ्लायमध्ये एल्क हेअर कॅडिस आणि अॅडम्स १४ व १६ नंबरच्या, मणी लावलेली, पाण्याखाली बुडणारी फेझंट टेल निंफ १४ ते १८, आणि हेअर्स इअर. बस. खांदा दुखत असेल तर रीळच नसलेला जपानी तेनकारा रॉड बघावा. साधारण ३.६ मीटर लांब, टोकाला बांधलेली दोरी, फेकायला जोर लागत नाही. आपल्या डोंगरी ओढ्यांना तो फार छान जुळतो.

नवख्याची फ्लाय माशाला का पटत नाही, याचं कारण बहुतेक वेळा फ्लाय नसतेच. मधला प्रवाह वेगवान, कडेचा संथ. मधल्या धारेत पडलेल्या लाईनला कमान येते, ती फ्लायला ओढते, आणि पाण्यावरून मोटारबोटीसारखी रेघ काढत जाणारा किडा ट्राउट खात नाही. फ्लाय पाण्याला टेकल्याबरोबर रॉडचं टोक उचलून लाईनची कमान वरच्या अंगाला उलटवायची. तीन सेकंद फ्लाय मोकळी वाहिली तरी पुरे.

दोन-तीन मोसम असे गेले की मग परदेश. आणि तेव्हाही मुलं जिथे आहेत तिथून सुरुवात करावी. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या काका-काकूंना न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांतल्या नद्या गाडीनं दोन-अडीच तासांवर आहेत. बीव्हरकिल आणि विलोविमोक रॉस्को गावाजवळ मिळतात. एप्रिलअखेर ते मध्य जून हा काळ उत्तम, जुलैत बीव्हरकिल तापते. तेव्हा डेलावेअर नदीच्या फाट्यांवर जावं, कारण न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या पेपॅक्टन आणि कॅननस्व्हिल जलाशयांच्या तळाचं गार पाणी तिथे सोडतात. न्यूयॉर्क राज्याचा एक दिवसाचा आणि सात दिवसांचा परवानाही मिळतो. ज्यांचे गुडघे उभं राहू देत नाहीत त्यांनी मोंटानातली मिसूरी नदी निवडावी. होल्टर धरणाखाली क्रेग गावापाशी नावाडी वल्ही मारतो आणि तुम्ही बसून फेकता. मोंटानात पाणी सलग तीन दिवस २३ अंशांना पोचलं तर दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते, म्हणून ऑगस्टचं तिकीट काढू नये. इंग्लंडच्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या नद्या महाग आहेत, पण काठ सपाट, पाणी झऱ्याचं आणि वर्षभर जवळपास सारखंच गार.

न्यूझीलंडबद्दल घरी सर्वांत जास्त भ्रम असतात. इथे मासे मोठे आहेत, दोन किलोचा ब्राउन ट्राउट नवलाचा नाही. पण ते थोडे असतात आणि आधी डोळ्यांनी शोधावे लागतात. डोंगरातल्या नदीवर गोट्यांतून आठ-दहा किलोमीटर चालून दिवसात चार मासे दिसले तर दिवस चांगला. मार्गदर्शकाचा दिवस हजार न्यूझीलंड डॉलरच्या घरात जातो. म्हणून साठी ओलांडलेल्यांनी गोर गावाजवळची माटाउरा बघावी. सपाट मुलूख, रस्त्यापासून जवळ, कुरणांच्या फाटकांवर वाटेच्या पाट्या. बहुतेक नद्यांचा मोसम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाचं पाणी आणि वारा असतो, फेब्रुवारी-मार्च सर्वांत शांत. वापरलेले बूट, वेडर्स, पिसांच्या फ्लाय विमानतळावर आपणहून दाखवायच्या. लपवल्यास जागेवर ४०० डॉलर दंड.

इथलं खरोखर घेण्यासारखं काय असेल तर पैशाची वाट. फिश अँड गेम ही संस्था परवान्याच्या पैशावर चालते, तोच पैसा नदीवरच्या देखरेखीला आणि नदीसाठी भांडायला वापरला जातो. काही नामांकित नद्यांवर परदेशी पाहुण्याला दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो. ट्राउट विकणं कायद्यानं बंद आहे, त्यामुळे त्याचा बाजारच नाही. तरीही हा स्वर्ग नव्हे. ख्राइस्टचर्चजवळची सेल्विन एकेकाळी ट्राउटसाठी नावाजलेली होती. आज शेतीसाठी उपसा आणि दुग्धशेतीचं नायट्रेट यांनी तिचे काही भाग उन्हाळ्यात कोरडे किंवा शेवाळलेले दिसतात.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर बडोद्यातून वाहणारी, मगरींची विश्वामित्री नदी रुंद आणि खोल करण्यावरून जो वाद उठला, त्यात माझं मन मगरींच्या बाजूनं झुकतं, आणि त्याचं कारण ट्राउटच्या नद्यांत आहे. ट्राउटवाला नदीत तीन गोष्टी शोधतो: वळण, खोल डोह आणि काठावरची झाडी. झाडीची सावली पाणी गार ठेवते, डोह पुरात माशाला आसरा देतो, वळण पाण्याचा जोर मोडतं. मगरीलाही काठची माती आणि वळणंच लागतात. पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा राग खरा आहे. पण सरळ आणि गुळगुळीत केलेली नदी पाणी लवकर पुढे ढकलते, म्हणजे खालच्या वस्तीच्या दारात लवकर नेते.

आता पहिला आक्षेप. ‘परदेशात सगळेच सोडून देतात’ हे उत्तर खोटं आहे. जर्मनीत सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं हा गुन्हा आहे, आणि केवळ गंमत म्हणून धरून सोडणं त्यात येऊ शकतं. स्वित्झर्लंडनं २००९ पासून सोडण्याच्याच इराद्यानं मासा धरायला मनाई केली आहे. म्हणजे बडोद्याच्या घरात विचारला जाणारा प्रश्न युरोपातल्या कायद्यातही आहे. मासे खाणाऱ्या घरातला माणूस असेल तर मला हे उत्तर पटतं: परवान्यात बसेल तेवढा एखादा मासा डोक्यावर घाव घालून तत्काळ मारावा, खावा आणि रॉड बंद करावा. न खाणाऱ्यानं आधी ठरवावं की दिवसाला दोन किंवा तीन मासे, त्यापुढे फक्त काठावर बसून बघणं. आणि सोडायचा असेल तर नीट सोडावा. गळाचा उलटा दात पक्कडीनं दाबून सपाट करावा. फार बारीक टिपेट वापरू नये, कारण मग झुंज लांबते आणि मासा थकून मरतो. हात ओले करून धरावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. जाळी रबराची हवी. पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, फोटो पाण्यातच. तोंड प्रवाहाकडे करून अलगद धरला की कल्ले उघडमीट करायला लागतात, आणि शेपटीचा झटका देऊन तो स्वतःच निघतो. त्याला मागेपुढे हलवू नये, मागे ओढताना पाणी कल्ल्यांत उलटं जातं.

हिमाचलला जायच्या दोन महिने आधी तयारी बडोद्यातच करता येते. पोलो ग्राउंडच्या गवतावर पहाटे वीस मिनिटं पुरतात. सिमेंटवर नको, लाईन खरवडते. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि दहा मीटरवर जेवणाची कागदी ताटली ठेवायची. कोपर बरगडीजवळ, मनगट ताठ, रॉड घड्याळातल्या दहाच्या आणि एकच्या काट्यामध्येच फिरवायचा. मागे लाईन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, सुरुवातीला मान वळवून बघायचं. चाबकासारखा आवाज आला तर थांबणं कमी पडलं असं समजावं, नदीवर त्याच आवाजाबरोबर फ्लाय तुटून जाते. दहातल्या सात वेळा लोकर ताटलीत पडायला लागली की तीर्थनचं तिकीट काढावं.