तणावर मारलेलं औषध तणावर थांबत नाही

आज सकाळी सोसायटीच्या मागच्या भिंतीकडेने माळीदादा पाठीवर पंप लावून फवारत होते. तोंडाला नुसता रुमाल. कॅनवर वाचलं, ग्लायफोसेट ४१ टक्के. आभाळ भरलेलं, आणि पानांवरून ओघळणारे थेंब सरळ गटाराच्या जाळीत. ते गटार दहिसर नदीला मिळतं. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, गवताचं औषध आहे, माणसाला काही होत नाही."

माणसाला! नदीत काय फक्त माणसं राहतात?

हे औषध ज्या एन्झाइमला अडवतं ते आपल्या शरीरात नसतं, मान्य. पण गवतात असतं तसं पाण्यातल्या शेवाळातही असतं. मक्यात-उसात मारतात ते ॲट्राझीन तर प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतं. ऊन आहे, पेशी हिरवी आहे, आणि अन्न मात्र तयार होत नाही.

वसईला आत्याच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. एका वर्षी शेजारच्या प्लॉटवाल्याने पावसाच्या तोंडावर गवत जाळायला असंच काहीतरी मारलं. पहिल्या सरींचं पाणी उताराने बावखलात आलं. थोड्या दिवसांत पाणी इतकं नितळ झालं की तळ दिसायला लागला. सगळे खूश. आत्या तेवढी म्हणाली, "पाणी उपाशी दिसतंय गं."

बरोबर बोलली ती. पाण्यातलं ते बारीक हिरवं शेवाळ खाऊन पाणपिसवा नावाचे चिमुकले जीव जगतात, पाणपिसवांवर माशांची पिल्लं. पायरीवरचं बुळबुळीत शेवाळ खरवडून बेडकांची पिल्लं वाढतात. त्या वर्षी बावखलात बेडकांची पिल्लं दिसलीच नाहीत. पाण्याची चाचणी कुणी केली नव्हती, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण मला शंका नाही.

आणि नितळपणा टिकलाही नाही. पुढे त्याच बावखलावर निळसर हिरवा, ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग आला. काही नील-हरित शेवाळांना ग्लायफोसेट फारसं बाधत नाही, उलट त्यातला फॉस्फरस ती खातात. म्हणजे कामाचं मरतं आणि घाण करणारं माजतं. यातली काही जातकुळी विषारीही असते.

"दहिसर नदीचं गटार कधीच झालंय," ग्रुपवर आलंच. अहो, तुळशी तलावाकडून नॅशनल पार्कातून ती येते तेव्हा नदीच असते! आपल्यापाशी आल्यावर तिचं गटार होतं. मग अजून विष ओता, असं का?

माळीदादांवर राग नाही. कमिटीने हातात दिलं ते त्यांनी मारलं. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राचा आदेश निघाला, ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कुणी वापरायचं नाही. हे कमिटीला ठाऊक नको? कोकणातल्या एकट्या शेतकऱ्याला मजूर मिळत नाही, त्याची अडचण समजते. पण आपल्या टॉवरला दोन बायका खुरपणीला लावणं परवडत नाही?

रविवारच्या मीटिंगला विषय घालतेय. खुरपणीची पहिली मजुरी मी देते. बोरिवली-दहिसरकडच्यांनो, तुमच्याकडे काय मारतात तो कॅन एकदा वाचा आणि खाली लिहा.