डेंड्रिटिक पेशी आणि सहनशीलता: तुमच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि मग स्वतःचा लेख पुन्हा उघडून वाचला. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: डेंड्रिटिक पेशींना (जंतूंचे किंवा शरीराचेच तुकडे उचलून ते टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवणाऱ्या पेशी) मी आधी ‘पहारेकरी’ म्हटलं आणि पुढे त्याच पेशी शरीराला सहन करायला शिकवतात असंही लिहिलं, हे परस्परविरोधी आहे. ‘सहनशीलता’, म्हणजे ओळखूनही हल्ला न करणं, हे दुबळ्या प्रतिकारशक्तीला दिलेलं गोंडस नाव आहे. ‘या पेशी नसतील तर शरीर स्वतःवरच उलटतं’ हे वाक्य पुराव्यापेक्षा जास्त ठाम आहे. आणि शेवटी तुमचा प्रश्न, की त्या इतक्या गुणाच्या असतील तर त्यांचा औषध म्हणून उपयोग का होत नाही?

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य, पहिला निम्मा. दुसरा मात्र मला अजिबात पटत नाही, आणि एवढं लांब उत्तर लिहायला बसले आहे ते त्याच्यासाठीच.

आधी माझी चूक. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेंड्रिटिक पेशी तयारच होणार नाहीत असे उंदीर घडवले होते. त्यांना स्वयंप्रतिकारक आजार झाला आणि ते दगावले. माझं वाक्य त्यावर बेतलेलं होतं. पण आदल्याच वर्षी, जवळजवळ त्याच पद्धतीने घडवलेल्या उंदरांत दुसऱ्या गटाला वेगळं दिसलं होतं. तिथे स्वतःच्या अवयवांवर हल्ला झाला नाही, मायलॉइड पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका गटाची, बेसुमार वाढ मात्र झाली. मी एकच बाजू सांगितली. ते वाक्य आता लेखात बदललं आहे.

सहनशीलतेच्या बाजूने खरा भक्कम पुरावा दुसरीकडे आहे, आणि तो मी लेखात दोन ओळींत उरकला याचं मला वाईट वाटतं. २००१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, राल्फ स्टाइनमन आणि मिशेल नुसेनझ्वाइग यांच्या गटाने हा प्रयोग केला. डेंड्रिटिक पेशींवर डीईसी-२०५ नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे रेणू पकडणारा पृष्ठभागावरचा रेणू, असतो. त्याला जाऊन चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचा तुकडा जोडला आणि उंदरांना टोचला. जंतू नाही, दाह नाही, फक्त तुकडा. तो ओळखणाऱ्या टी पेशी आधी भराभर वाढल्या. आठवड्याभरात त्यातल्या बहुतेक नाहीशा झाल्या. नंतर त्याच उंदरांना तेच प्रथिन चांगल्या जोरदार उत्तेजकासकट दिलं, तरी शरीराने दाद दिली नाही. आणि सुरुवातीलाच तुकड्यासोबत सीडी-४० हा डेंड्रिटिक पेशींना जागं करणारा रेणू चेतवणारं प्रतिपिंड दिलं, तर त्याच टी पेशी टिकल्या आणि लढायला सज्ज झाल्या.

आता सांगा, यात दुबळेपणा कुठे आहे? डेंड्रिटिक पेशींनी तुकडा उचलला, तो टी पेशींना दाखवला, टी पेशींनी तो ओळखला, त्या वाढल्यासुद्धा. काम पूर्ण झालं, फक्त निकाल ‘याच्याशी लढायचं नाही’ असा लागला.

आतड्यातही हेच चालतं. तिथल्या काही डेंड्रिटिक पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल तयार करतात. त्याला टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाची जोड मिळाली की नवख्या टी पेशींपासून नियंत्रक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या पेशी, तयार होतात. २००७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी हे दाखवून दिलं. या नियंत्रक पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळखल्या होत्या, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना त्याच विषयासाठी मिळालं. नियंत्रक पेशी घडायला लागणारं फॉक्सपी-३ हे जनुक बिघडलेली मुलं जन्माला येतात. आयपेक्स म्हणतात त्या आजाराला. तान्ह्या वयातच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब. त्या बाळांच्या टी पेशींत जोर कमी नसतो, त्यांना लगाम नसतो. सहनशीलता म्हणजे दुबळेपणा असं कोणी म्हटलं की मला ही मुलं आठवतात, म्हणून इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे.

पहिला आक्षेप निम्मा मान्य का, ते सांगते. मी प्रयोगशाळेत असताना या पेशी रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून वाढवायचे. दोन वाढघटक घालून पाच-सहा दिवस ठेवलं की तळाला सैल चिकटलेले पुंजके दिसायला लागतात, थाळी जराशी हलवली की सुटून तरंगणारे. संध्याकाळी त्यांत जिवाणूंच्या भिंतीतलं एलपीएस घालायचं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रात्रभरात कडांना पातळ पदरासारखे पडदे फुटलेले असतात आणि टी पेशीला ‘हो, लढ’ असं सांगणारे सीडी-८० आणि सीडी-८६ हे रेणू पृष्ठभागावर कितीतरी वाढलेले असतात. पेशी तीच, फक्त तिला जंतूची खूण पटलेली. म्हणून पहारा आणि शिकवण यांत मला विरोध दिसत नाही. पहारेकऱ्याने घरच्या माणसाला ओळखून आत सोडणं हाही पहाराच.

पण या दृश्याच्या मोहात मी ‘अपरिपक्व (न चेतलेली) पेशी म्हणजे सहनशीलता, परिपक्व (चेतलेली) म्हणजे लढा’ असं सरसकट समीकरण मांडलं, ते चूक. संसर्ग नसतानाही काही डेंड्रिटिक पेशी परिपक्व दिसायला लागतात, शरीराचेच तुकडे घेऊन लसिका ग्रंथींत जातात आणि तिथे सहनशीलताच शिकवतात. उलट, २००५ च्या एका प्रयोगात ज्यांना फक्त आजूबाजूचा दाह जाणवला, जंतू स्वतः भेटला नाही, अशा पेशी वरून चेतलेल्या दिसल्या, टी पेशींची वाढही त्यांनी घडवली, पण त्या टी पेशींना लढाऊ मदतनीस बनवणं त्यांना जमलं नाही.

संसर्गाच्या वेळी खरी कसोटी लागते. फुफ्फुसात विषाणू शिरला की डेंड्रिटिक पेशीच्या पोटात विषाणूही जातो आणि मेलेल्या आपल्याच पेशींचा चुराही. दोन्हींचे तुकडे ती एकाच वेळी वर मांडते, तेही पूर्ण चेतलेल्या अवस्थेत. मग सुक्याबरोबर ओलं का जळत नाही? स्टाइनमन आणि नुसेनझ्वाइग यांचं २००२ मधलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: निरोगी दिवसांतच या पेशी स्वतःच्या तुकड्यांबाबतची सहनशीलता शिकवून ठेवतात, म्हणून संसर्ग आला की लढा जंतूवर एकवटतो. सगळं स्पष्टीकरण यात येत नाही, पण आरोग्यातली शांतता ही संसर्गाची पूर्वतयारी असते हे त्यामुळे कळतं.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते इथे: जंतूंनाही ही वाट ठाऊक आहे. क्षयाच्या जिवाणूच्या आवरणातलं एक लिपिड-शर्करा संयुग डेंड्रिटिक पेशींवरच्या डीसी-साइन या रिसेप्टरला चिकटतं आणि त्यांच्याकडून आयएल-१० हा शमवणारा संदेश वाढवून घेतं. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू तर स्वतःच्याच जनुकातून आयएल-१० ची नक्कल तयार करतो. चुकीच्या पाहुण्याला मिळालेली सहनशीलता घातकच. त्यावर उपाय मात्र सहनशीलताच मोडून टाकणं हा होऊ शकत नाही.

आता औषधाचा प्रश्न. प्रयत्न झाले आहेत. २०११ साली पिट्सबर्गच्या गटाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या दहा रुग्णांना त्यांच्याच रक्तातून वाढवलेल्या डेंड्रिटिक पेशी टोचल्या. त्यातल्या काहींच्या पेशींत सीडी-४०, सीडी-८० आणि सीडी-८६ मुद्दाम दाबलेले होते. पेशी सुरक्षित ठरल्या. चाचणी होतीच तेवढं तपासायला, त्यामुळे मधुमेह बरा झाल्याचा दावा तिच्या आधारे करता येत नाही. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशी वेगळ्या वाढवाव्या लागतात, आणि शरीरात गेल्यावर एखाद्या संसर्गाच्या झळीने त्या उलट बाजूला वळणार नाहीत याची खात्री हवी. अडचण आहे ती तिथे.