ज्युरीत ‘चुकलंय’ म्हणायची सोय हवी

काल एका आर्किटेक्चर कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या ज्युरीला, म्हणजे पोरं आपलं डिझाइन परीक्षकांपुढे मांडतात त्या परीक्षेला, बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय, तालुक्याच्या गावातली भाजी मंडई. पोरं रात्र-रात्र जागलेली, बोटांवर फेव्हिक्विकचे पापुद्रे.

पहिल्या मुलाने दहा मिनिटं ‘कम्युनिटी’ आणि ‘इंटरॅक्शन’ ऐकवलं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं चित्र, झकास. मी एवढंच विचारलं, “ओटा किती उंच?”

“600 मिलिमीटर, सर.”

शीटवर रॅम्प जेमतेम 2 मीटरचा. 1:12 चा चढ, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी, धरला तर 7.2 मीटर लागतो. कोबीची पोती लादलेली हातगाडी या रॅम्पवर चढवायला मागून चार माणसं हवीत, आणि उतरवताना देवच वाली. पण गडी हटेना. म्हणे, “सर, तो सिम्बॉलिक आहे.”

रॅम्प. सिम्बॉलिक!

पुढच्या मुलीचा जिना असाच गंडलेला. मजला 3.6 मीटरचा आणि पायऱ्या 16, म्हणजे एकेक पायरी 225 मिलिमीटरची. डोक्यावर पाटी घेऊन चढून बघा. मी बोट ठेवायच्या आत तीच म्हणाली, “सर, जिना चुकलाय. शीटची प्रिंट काढल्यावर लक्षात आलं.” आणि शीटवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवून मधे लँडिंग घेतलेला 24 पायऱ्यांचा जिना काढून दाखवला. त्यात दोन गाळे जात होते. कुठले घालवायचे तेही ठरवून आली होती: पश्चिमेचे, कारण दुपारच्या उन्हात तिथे पालेभाजी तशीही टिकली नसती.

सोबतच्या परीक्षकांना तिचे मार्क कापायचे होते. “कबूलच केलंय की तिने!”

इथेच माझं डोकं फिरतं. कबूल केल्याची शिक्षा होते म्हणून तर पोरं ‘सिम्बॉलिक’ शिकतात. मीही तसाच शिकलो. दुसऱ्या वर्षी “टॉयलेट राहिलं” असं खरं सांगितलं, तर एका परीक्षकाने माझ्या मॉडेलचं छप्पर उचकटून सगळ्या वर्गाला दाखवलं. पुढच्या सेमिस्टरपासून माझ्या प्रत्येक चुकीला कन्सेप्ट होता.

19व्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कला-वास्तुकलेच्या शाळेत पोरांची ड्रॉइंग्ज गोळा करायला गाडा असायचा, शारेत. सबमिशनच्या शेवटच्या घाईला आम्ही आर्किटेक्ट आजही तेच नाव देतो. तिथे निकाल बंद दाराआड लागायचा, भाषण ठोकायची सोयच नव्हती. ते परत आणा असं नाही म्हणत. त्या मुलीचा ट्रेसिंगचा तुकडा बंद दाराआड कुणी पाहिला असता? पण निदान आधी प्लॅन वाचा, मग पोरांना बोलू द्या.

तिला मी जास्त मार्क दिले, वाद घालून. पहिल्याला म्हटलं, “अरे, मंडईत जाऊन एकदा हातगाडी ढकलून ये.”

शीट गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “सर, भरलेली की रिकामी?”