मे महिन्यातले ऊन जुलैत कुठून आणायचे?

सात वर्षे विजेच्या तारेवाचून, नुसत्या सौर पाट्यांवर काढल्यावर गेल्या दिवाळीत आम्ही रीतसर वीजजोडणी घेतली, आणि ही बातमी कळताच ओळखीतल्या दोघातिघांनी "म्हणजे शेवटी हात टेकलेत तर!" असे म्हणून घेतले. हात टेकले हे अर्धेच खरे आहे. पाण्याच्या बाबतीत आम्ही आजही कोणावर अवलंबून नाही आणि पुढेही राहणार नाही. विजेच्या बाबतीत मात्र माझे मत बदलले आहे. कोकणात जागा घेऊन "स्वयंपूर्ण" घर बांधू पाहणारे मला वारंवार विचारतात, की पाणी आणि वीज दोन्ही घरच्या घरी भागवता येतील का? त्याचे उत्तर त्या बदललेल्या मतातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे घर दापोली तालुक्यात, वाडीपासून बरेच वर, कातळावर आहे. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल उजाडला की विहिरी तळ गाठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतार ते थेट समुद्राकडे नेतो. पाऊस कमी नाही, साठवण कमी आहे, हे एकदा डोक्यात बसले की पुढचा हिशेब शाळकरी पोराला जमेल इतका सोपा होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमचे छप्पर १२० चौरस मीटरचे. सांडलवंड, बाष्पीभवन, पहिले वाया सोडायचे पाणी असे सगळे मिळून वीस टक्के वजा केले, तरी वर्षाला सव्वातीन लाख लिटरहून अधिक पाणी पन्हळीतून उतरते. आम्ही तिघे माणसे, माणशी ८० लिटर धरले तर दिवसाला २४० लिटर, आणि ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांना ५७,६०० लिटर. म्हणून पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी ६० हजार लिटरची बंद टाकी बांधली. एकट्या जुलैत इथे हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. टाकी महिना संपायच्या आत भरून वाहू लागते.

ही काही आमची अक्कल नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून पावसाळ्यापर्यंत सगळ्या गडाला पुरेल एवढी तळी-टाकी करावीत आणि झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हेच माप आम्ही धरले, फरक इतकाच की आमच्या गडावर शिबंदी तिघांची आहे. टाकीत उजेड जाऊ दिला नाही की शेवाळ धरत नाही, झाकणाला आणि वाहत्या तोंडाला बारीक जाळी लावली की डास होत नाहीत. प्यायचे पाणी आम्ही वाळू-कोळशाच्या गाळणीतून घेऊन उकळतो. खरी कटकट पानांची आणि वानरांची आहे. वानरे कौले फोडतात, आणि सौर पाट्यांवर बसून सकाळचे ऊन खातात ते निराळेच.

आता वीज. तीन किलोवॅटच्या पाट्या डिसेंबरपासून मेपर्यंत आम्हाला दिवसाला बारा युनिटपर्यंत देत असत आणि घराचा खर्च पाच युनिटांचा, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो. मग जुलै आला. झड लागली की दिवसाला दोन युनिटही निघत नसत आणि झड चार-चार, सहा-सहा दिवस हटत नसे. ४८ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे पाच युनिट मावतात, म्हणजे आमचा एक दिवस. सहा दिवसांची तजवीज करायची तर तसल्या पाच-सहा बॅटऱ्या हव्यात, आणि त्या वर्षातले दहा महिने जवळजवळ रिकामटेकड्या बसणार. आम्ही सुरुवातीला शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. पावसाळ्यात त्या पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरवल्या आणि तीन वर्षांत त्यांचे बारा वाजवले. दोष बॅटऱ्यांचा नव्हता. फ्रिज बंद करून, धुणे साठवून, अंघोळीला बंब पेटवून आम्ही जे दिवस काढले, त्यांना स्वयंपूर्णता म्हणणे मला आता जड जाते. शेवटी शेजारच्या वाडीतून भाड्याने डिझेल जनित्र आणावे लागले, ते तर नकोच.

मुख्य अडचण इथे आहे. पाणी आठ महिने साठवता येते आणि त्याला लागतात सिमेंट, सळई व गवंडी. वीज आठ दिवस साठवायची म्हटली तरी घरदार गहाण पडेल. त्यातून कोकणात पाणी असते तेव्हा ऊन नसते आणि ऊन असते तेव्हा पाणी नसते. मे महिन्यातले जास्तीचे ऊन जुलैपर्यंत सांभाळून ठेवणारी एकच टाकी सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, ती म्हणजे विजेचे सार्वजनिक जाळे. नेट मीटर, म्हणजे जाळ्याला दिलेली आणि जाळ्यातून घेतलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर असेल तर उन्हाळ्यात दिलेले युनिट पावसाळ्यात वळते होतात.

तार तोडण्याच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मी लपवणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा खांब आडवे झाले आणि आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. आमच्या दोन पाट्या फुटल्या, पण उरलेल्यांवर घर चालले आणि वाडीतली माणसे विजेऱ्या, फोन घेऊन आमच्या पडवीत येऊन बसत. रेंज नव्हतीच, तरी फोन भरून नेत. मात्र अनुदानात मिळणारी, जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते: बाहेरची वीज गेली की तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती आपोआप बंद होते. घरांच्या छपरावरील सौर विजेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या सूर्यघर योजनेतले कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान अशाच जाळ्याला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. म्हणून आम्ही तार घेतली, पण एक लिथियमची बॅटरी आणि तार असताना आणि नसतानाही चालणारा इन्व्हर्टर ठेवला. त्यावर दिवे, पंखे, फ्रिज आणि टाकीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप एवढेच चालते, आणि तेवढे पुरते.

तेव्हा जागा घेणाऱ्यांनी आधी पाट्यांचे दर विचारू नयेत, टाकीची जागा आखावी आणि पैसे उरले तर बॅटरीकडे वळावे, असे माझे मत आहे. नळयोजनेचे पाणी वाडीपर्यंत आले आहे आणि वर आणायची सोयही होईल म्हणतात. मी अर्ज केलेला नाही. आज सकाळी काठी सोडून पाहिली तेव्हा टाकीत साठ सेंटिमीटर पाणी होते, म्हणजे बारा हजार लिटर, म्हणजे पन्नास दिवस. मृग लागायला दहा दिवस आहेत, वानरांनी फोडलेली सात कौले बदलायची आहेत आणि पन्हळीतला पाला अजून काढलेला नाही.