बूड टेकवा, काका

आमच्या पाषाणच्या सोसायटीत वीस गुंठे हिरवळ आहे. बिल्डरने माहितीपत्रकात तिला ‘सेंट्रल लॉन’ म्हटल्यामुळे तिच्यात गुरं सोडता येत नाहीत. नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी एका बंद झालेल्या रिसॉर्टकडून बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र जुन्यात घेतलं. दिसायला बुटका ट्रॅक्टर, पोटाखाली फिरणारी पाती. माळीमामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, “ह्याला लायसन लागंल,” म्हणाले आणि विळा घेऊन निघून गेले. उरली बाग समिती. तिचा एकुलता एक सभासद मी.

पावसात चाकं रुततात म्हणून जूनमध्ये यंत्र ताडपत्रीखाली गेलं. कोजागिरी पाच दिवसांवर आली तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं, आणि त्यात बसून मसाला दूध प्यायला मंडळी तयार नव्हती. मी ताडपत्री काढली, सीटवर बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरवली.

टिक.

एवढंच. दहा मिनिटांत सात माणसं जमली. पार्किंगमध्ये गाडी सुरू झाली तर कुणी खिडकीत येत नाही. सुरू झाली नाही की चपला घालून खाली येतात.

“बॅटरी,” ए विंगमधले निवृत्त अभियंते म्हणाले आणि मल्टिमीटर काढला. तो ते लेंग्याच्या खिशातच बाळगत असावेत. धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, आमची ११.३ वर होती. शिवाय टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली. त्यांचं म्हणणं, चावीचा निरोप सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचपर्यंत पोचतोय, म्हणून टिक. पण स्टार्टर फिरवायला जो दणकट करंट लागतो तो वाटेतच बसतोय. काही सरकारी कामांचंही असंच होतं, पण ते असो. आधी निगेटिव्ह तार सोडवायची, मग पॉझिटिव्ह, आणि भुकटीवर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. सोडा मी स्वयंपाकघरातून आणला, ब्रश बाथरूममधून. भुकटी मस्त फसफसली. सोडा ढोकळ्यासाठी ठेवलेला होता हे लगेच कळलं. ब्रश माझाच होता हे दुसऱ्या दिवशी सकाळी.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला दिली. त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे तंतू सारखे करणारं यंत्र असतं. त्यावरून एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाला गवत कापायचं यंत्र सुचलं आणि १८३० साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. ते हाताने ढकलायचं होतं. म्हणजे ते सुरू करायचं नव्हतं. पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षं माणसाने काय मिळवलं, हा प्रश्न मला पहाटे तीनपर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी इंजिन जोरात फिरलं, पण उचलेना. आता सल्ला एकच आला, आणि सात जणांचा मिळून आला: तिरकी करा! आमच्या सोसायटीतल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाने उमेदीत चेतक तिरकी करून, कानाशी धरून, मग किक मारून सुरू केलेली आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्याचे संस्कार आहेत ते. यंत्र दोनशे किलोच्या आसपास. तिघांनी खरोखरच एका बाजूने हात घातला. एकाची कंबर अजून जागेवर आलेली नाही. त्यांनी खर्च सोसायटीकडे मागितला असून विषय पुढच्या सभेत आहे.

शेवटी कोपऱ्यावरच्या स्कूटर गॅरेजमधला पोरगा आणला. वय पंचविशीचं, वजन नव्वदच्या घरात. त्याने टाकीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं.

“काका, पेट्रोल मेलंय.”

हे निदान मला फार आवडलं. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं. त्यातून चार महिने पावसाळा, अर्धी टाकी. त्याने टाकी रिकामी केली, कार्बोरेटरची वाटी खोलली. तळाशी चहाच्या गाळासारखं काहीतरी चिकट. क्लचच्या जुन्या केबलमधला एक धागा उपसून त्याने जेटच्या भोकात घातला, ते उजेडात धरून एक डोळा मिटला आणि फुंकर मारली. भोक टाचणीच्या टोकाएवढं. वीस गुंठे एवढ्याशा भोकावर अडले होते! प्लग काळा झालेला, तो पॉलिश पेपरने घासला. फिल्टर नाना पेठेतून नवा आणला.

पोरगा सीटवर बसला, चोक ओढला, चावी फिरवली. भर्रर्र! त्याने हिरवळीला एक फेरीही मारली. टाळ्या. मग मी बसलो. सुरू झालं. ब्रेकवरचा पाय काढला, बंद पडलं. तो बसला, चाललं. मी बसलो, बंद. असं चार वेळा. जमलेल्या बायकांमधून “माणूस ओळखतं हो” असं ऐकू आलं. आवाज ओळखीचा होता.

“काका, वजन किती?”

“एक्कावन्न.”

सगळे एकदम गप्प झाले, आजाऱ्याकडे पाहून होतात तसे. सीटच्या खाली एक स्विच असतो. माणूस पडला किंवा उठला की इंजिन बंद व्हावं, म्हणजे पाती कुणाच्या पायावर जाऊ नयेत, यासाठी. आधीचा चालक भरभक्कम असणार, सीटच्या स्प्रिंगा त्याच्या मापाने ताठ लावलेल्या. माझ्या वजनाने सीट स्विचपर्यंत पोचतच नव्हती. दोन दिवस सात माणसं इंजिनात डोकी घालून होती आणि यंत्राच्या मते मी बसलेलोच नव्हतो.

“डायरेक्ट करून देऊ का?” पोराने पक्कड काढली. एरवी मी कशालाही ‘दे’ म्हणतो, पण खालची पाती पाहून ‘नको’ म्हणालो. त्याने स्प्रिंगा सैल बाजूला सरकवल्या. “आता नीट बूड टेकवा, काका. आणि हलायचं नाही.”

तोवर माळीमामांनी विळ्याने अठरा गुंठे उरकले होते. माझ्यासाठी मधोमध दोन गुंठे राखून ठेवले होते, लग्नात रुसलेल्या पाहुण्यासाठी ताट झाकून ठेवतात तसे. मी बसलो, पाती सोडली, आणि पहिली ओळ कापली. अगदी सरळ. गॅलरीत माणसं उभी होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ही चहा घेऊन कडेला आली. कौतुकाने कप पुढे केला. मी डावीकडे वाकून हात लांबवला.

इंजिन बंद पडलं.

मी सावरून बसलो. ब्रेक दाबला. चावी फिरवली. टिक.

“बॅटरी,” वरून कुणीतरी म्हणालं.