जोतिबाच्या यात्रेचंच धरा की

इंटर्नशिपमध्ये गायनॅकची ओपीडी लागली तेव्हा वाटलं होतं, हिस्टरी घेणं म्हणजे काय, रकाने भरायचे. पण पुस्तकातली पेशंट एकटी येते आणि कोल्हापुरातली सासूबरोबर. फाईल? ती गारगोटीला, माहेरी राहिली.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"जोतिबाच्या यात्रेला," सासूबाई. "ही देवळात आलीच न्हाई नव्हं, बाहेर उभारलेली."

"ओ आत्या, पोरगं खांद्यावर झोपलंतं म्हणून बाहेर उभारलो मी! पाळी पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी आल्ती."

(आमच्याकडं बायका 'उभारलो'च म्हणतात, मीपण.)

आता पाडवा चैत्राची प्रतिपदा, जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे मधे दहा-अकरा दिवस गेले आणि पाळीवरून मला काढायची होती ती डिलिव्हरीची तारीख तितकीच लोंबकळत राहिली. शेवटी नऊ महिने भरून गेल्यावर बाळ लहान आहे का आपली तारीखच चुकलीये, हे मग कुणाला विचारणार? मॅडम मला विचारणार.

म्हटलं हे नंतर बघू. "कितवी खेप?"

"दुसरी."

"मधलं एक दोन महिन्याचं गेलं," सून हळूच.

"ते कशाला मोजायचं?"

मोजावं लागतं. दुसरीची खोडून तिसरी केली.

"बीपी?"

"न्हाई."

"गोळी?"

"ती रोज घेतो की, म्हणून तर बीपी न्हाई."

"ऑपरेशन कधी झालंय?"

"कधीच न्हाई."

तपासायला झोपवलं तर ओटीपोटावर चांगला वीतभर आडवा व्रण. हे काय हो? "ते शिजर! ऑपरेशन न्हवं ते." माझ्या मागं बीपीचं मशीन घेऊन उभारलेल्या सिस्टर हसून हसून भिंतीला टेकल्या.

तारखेचा निकाल शेवटी नवऱ्यानं लावला. तो शिरोली एमआयडीसीत नाईट करून घरी झोपलेला, त्याला उठवून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो मागवला. एप्रिलचं पान, दुधाचे खाडे, भिशीचा हप्ता, आणि 2 तारखेला फुली, 12 ला गोल.

"गोल शिलेंडरचा," सून म्हणाली, "फुली माझी."

पाळीही तिची दर अठ्ठावीस दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखी. मग नऊ महिने सात दिवस मिळवले, 9 जानेवारी. सुटले एकदाची म्हणून मोठ्यानं सांगितलं.

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि चेहराच पडला. "म्हंजे पौषात?"

"असेल."

"आणि यात्रेचं धरलं तर?"

"19."

"तवर पौष संपतोय," त्या खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "मग जोतिबाच्या यात्रेचंच धरा की वं डॉक्टर, मी मगापासनं काय सांगालोय?"