रूटिंग हार्मोन जास्त ओतलं की मुळं जास्त? असं नसतं हो

पुण्यातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की मुळांना फांद्या फुटतात त्या ऑक्सिन नावाच्या हार्मोनमुळे, म्हणून रूटिंग हार्मोनची (काडीला मुळं फुटावीत म्हणून मिळणारं, ऑक्सिनसारखं रसायन असलेलं औषध) दर आठवड्याला कुंडीत आळवणी करा, झाडाला पाण्याचा ताण द्या म्हणजे मुळं पाणी शोधत फुटत जातील, आणि केमिकल नको असेल तर नारळपाणी नाहीतर दालचिनी वापरा, तेही हार्मोनच. यातलं ऑक्सिनचं म्हणणं बरोबर आहे, बाकी बहुतेक चूक, आणि चांगली जोमदार झाडं यात जाऊ शकतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ऑक्सिन झाड स्वतःच बनवतं, मुख्यतः शेंड्याकडे आणि कोवळ्या पानांत, थोडं मुळाच्या टोकातही, आणि वरचं ऑक्सिन पेशी-पेशीतून खाली मुळांपर्यंत उतरतं. ते कुठल्या दिशेला ढकलायचं हे पेशीच्या कडेला बसलेली पिन नावाची प्रोटीन्स ठरवतात, म्हणजे किती आहे यापेक्षा कुठे साठतंय याला जास्त महत्त्व. मंडईतून आणलेलं गाजर आडवं कापून बघा, मधल्या गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या बारीक फिक्या रेषा दिसतील. त्या बाजूच्या मुळांच्या वाटा. बाजूचं मूळ सालीवर उगवतच नाही, ते आत गाभ्याच्या कडेच्या थरात, पेरिसायकलमध्ये, मोजक्या पेशींत ऑक्सिन वाढलं की तिथे जन्मतं, आणि बाहेर येताना तेच ऑक्सिन वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं, तेव्हा कुठे त्याला वाट मिळते. आता सांगा, कुंडीभर हार्मोन ओतून ही नेमकी जागा कशी साधणार? उलट मुळं खोडापेक्षा ऑक्सिनला खूप जास्त संवेदनशील असतात, डोस जरा वाढला की मुख्य मूळ लांब व्हायचं थांबतं. गव्हातलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी फवारतात ना, ते कृत्रिम ऑक्सिनच आहे!

रूटिंग पावडर वाईट नाही. तिच्यात बहुतेक वेळा आयबीए नावाचं ऑक्सिनसारखं रसायन असतं, ते झाडात गेल्यावर आयएए या नैसर्गिक ऑक्सिनमध्ये बदलतं. जास्वंदीची नाहीतर गुलाबाची काडी लावताना कापलेल्या टोकाला एकदा लावायची, बास.

नारळपाण्यात हार्मोन असतात हे खरंय, 1941 मध्येच धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळपाण्यावर वाढवून दाखवले होते. पण ते प्रसिद्ध आहे सायटोकायनिन या वेगळ्या हार्मोनसाठी, आणि सायटोकायनिन मुळांच्या फांद्यांच्या बाबतीत ऑक्सिनच्या विरुद्ध काम करतं, नवीन फांदीची सुरुवातच रोखतं. थोडं ऑक्सिनही असतं त्यात, पण सोबत साखर असते, म्हणजे कुंडीत बुरशीला आमंत्रण. दालचिनी बुरशी रोखते, त्यामुळे काडी कुजायची वाचू शकते, पण ती हार्मोन नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पाण्याच्या ताणाच्या सल्ल्याची. मुळाची जी बाजू ओल्या मातीला टेकते तिकडेच ते फांदी काढतं, कोरड्या बाजूला काढत नाही, हे 2014 मध्ये प्रयोगांत स्पष्ट दिसलं. आणि मूळ पूर्ण कोरड्या पट्ट्यात शिरलं तर? नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या टीमने 2022 मध्ये दाखवलं की तेव्हा ॲब्सिसिक ॲसिड हे दुसरं हार्मोन पेशींमधल्या बारीक वाटा बंद करतं, ऑक्सिन आत जिथे हवं तिथे पोचत नाही, आणि फांद्या फुटायच्या थांबतात. थोड्या ताणाने जमिनीतल्या झाडांची मुळं खोल जातात हे ठीक, पण बारा इंची कुंडीत खोल जाऊन जाणार कुठे? मे महिन्यात गच्चीवर कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की लवकर पाणीही धरत नाही.

एका गोष्टीचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, ती म्हणजे दाबलेली माती. घट्ट मातीत मूळ खुंटतं ते फक्त ती टणक असते म्हणून नाही, मुळाने सोडलेला इथिलीन वायू बाहेर निघून जाऊ शकत नाही, मुळाभोवतीच साठतो आणि त्याची वाढ थांबवतो. 2021 च्या संशोधनात इथिलीन न जाणवणाऱ्या भाताची मुळं तशाच घट्ट मातीत बरीच आत गेली होती. त्यामुळे आपल्याकडची काळी माती नुसतीच कुंडीत ठासून भरली असेल तर पुढच्या वेळी कुंडी बदलताना त्यात कंपोस्ट आणि भरड वाळू मिसळा, बोटाने दाबून माती हलकी लागतेय ना बघा, आणि वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या.